पीडी-एल१ ६० टक्के असूनही औषध का चाललं नाही? गाठीच्या शेजाऱ्यांची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), चौथी स्टेज. पीडी-एल१ ६० टक्के आलं म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध सुरू केलं. चार डोस झाले आणि स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘गाठीच्या आजूबाजूचं वातावरण साथ देत नाहीये.’ मुलगा विचारतोय, हे वातावरण म्हणजे नक्की काय? आणि ६० टक्के म्हणजे चांगलं असं सांगितलं होतं, त्याचं काय झालं?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या वडिलांना मी कधी भेटणार नाही, पण त्यांच्यासारख्यांच्या गाठीचे तुकडे गेली बावीस वर्षं रोज मायक्रोस्कोपखाली बघते आहे. त्यामुळे उत्तर स्लाइडवरूनच देते. औषध बदलायचं की नाही, ते तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. त्यांच्यासमोर पेशंट आहे, माझ्यासमोर नाही.

सुईने काढलेला बायोप्सीचा तुकडा असतो शेवईच्या तुकड्याएवढा. फॉर्मलिनमधून तो मेणात जातो, मेणाच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉनचे काप निघतात, निळा-गुलाबी रंग चढतो आणि मग तो माझ्या टेबलावर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, हे सगळं कॅन्सरच. तसं नसतं. कॅन्सरच्या पेशींची बेटं असतात, त्यांच्यामधून कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे गुलाबी पट्टे गेलेले असतात. त्या पट्ट्यांत टाचणीच्या डोक्यासारखे गडद निळे ठिपके दिसतात, ते लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. त्यातच मोठ्या, फेसाळ, पोटात काळी भुकटी घेऊन बसलेल्या पेशी असतात, त्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी. ती भुकटी कार्बनची. शहरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या फुफ्फुसात ती असतेच, विडी-सिगारेटला हात लावला नसला तरी. जनुकीय तपासणीला तुकडा पाठवताना त्यात कॅन्सरच्या पेशी किती टक्के आहेत ते आम्हाला लिहून द्यावं लागतं. कित्येकदा मी वीस-तीस टक्के लिहिते. म्हणजे ज्याला आपण गाठ म्हणतो, त्यातला बराचसा भाग तुमच्या वडिलांच्या स्वतःच्या, कॅन्सर नसलेल्या पेशींचा असतो. डॉक्टर ज्याला वातावरण म्हणाले ते हेच. मला ‘शेजार’ हा शब्द जास्त पटतो, कारण वातावरण म्हटलं की हवापाणी डोळ्यांसमोर येतं आणि इथे तर जिवंत पेशी आहेत, एकमेकींशी सतत बोलणाऱ्या.

बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये फुफ्फुसाच्या गाठींतल्या पन्नास हजारांवर पेशी एकेक करून वाचल्या. त्यांना कॅन्सर सोडून शेजाऱ्यांचेच बावन्न उपप्रकार सापडले. शाळेत आपण ‘पांढऱ्या पेशी’ म्हणून एका वाक्यात जे उरकलं होतं, त्याची ही खरी लोकसंख्या.

आता ते ६० टक्के.

त्या निळ्या ठिपक्यांपैकी, म्हणजे लिम्फोसाइटपैकी, कॅन्सरला मारू शकणाऱ्या पेशी म्हणजे टी-पेशी. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ मध्ये सापडला आणि २०१८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पीडी-एल१ हा तो ब्रेक दाबणारा पाय. पेम्ब्रोलिझुमॅब ब्रेकवर जाऊन बसतं आणि पायाला तिथे पोचू देत नाही. रिपोर्टमधले ६० टक्के म्हणजे कॅन्सरच्या शंभर पेशींपैकी साठांच्या कडेवर हा पीडी-एल१ रंगला. या मोजणीत मॅक्रोफेज धरायचे नसतात, लिम्फोसाइट धरायचे नसतात, आणि किमान शंभर धडधाकट कॅन्सरपेशी दिसल्याशिवाय आकडा द्यायचाच नसतो. गंमत अशी की मॅक्रोफेजसुद्धा पीडी-एल१ला मस्त रंगतात. नवी होते तेव्हा एका तुकड्यात हवेच्या पिशव्यांमध्ये दाटीवाटीने बसलेल्या मॅक्रोफेजना मी कॅन्सर समजून मोजलं आणि आकडा फुगवून लिहिला. वरिष्ठांनी स्लाइड परत लावली, काही न बोलता काळ्या भुकटीवर पॉइंटर नेऊन ठेवला. तेव्हापासून भुकटी दिसली की माझा हात आपोआप थांबतो.

मोजणी बिनचूक असली तरी हा आकडा ब्रेकबद्दल सांगतो, गाडीत ड्रायव्हर आहे का हे सांगत नाही. कॅन्सरच्या पेशी दोन अगदी वेगळ्या कारणांनी पीडी-एल१ चढवतात. एक, टी-पेशी खरोखर अंगावर आल्यात, त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या रसायनाला घाबरून ढाल वर केली. इथे ढाल काढली की टी-पेशी तयारच उभ्या असतात आणि औषध चालतं. दुसरं कारण घरातलंच. कॅन्सरच्या जनुकात असा बिघाड आहे की कोणी अंगावर आलं नसतानाही पीडी-एल१ बनतच राहतं. ईजीएफआर जनुकातल्या बदलात हे होऊ शकतं. रंग दोन्हीकडे तोच, आकडाही तोच, पण दुसऱ्या ठिकाणी ब्रेक सोडून उपयोग काय, गाडीत कोणी बसलेलंच नाही.

म्हणून ६० टक्के हे आश्वासन नव्हतं, शक्यता होती. किनोट-०२४ नावाच्या ज्या चाचणीमुळे हे औषध ५० टक्क्यांवरच्या लोकांना पहिल्या फळीत मिळायला लागलं, तिचे निकाल २०१६ मध्ये आले. त्यात गाठ ठळकपणे लहान झाली ती सुमारे ४५ टक्के लोकांची. केमोच्या गटात हे प्रमाण २८ टक्के होतं, म्हणजे सुधारणा मोठीच. पाच वर्षांनंतर या गटातले जवळपास ३२ टक्के लोक हयात होते, केमोने सुरुवात केलेल्यांपैकी १६. पण निम्म्याहून जास्त लोकांची गाठ म्हणावी तशी आटली नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. तुमचे वडील अपवाद नाहीत. सुरुवातीला हे कोणी नीट सांगितलं नसेल तर तो राग मी समजू शकते.

स्लाइडवर शेजाराची तीन रूपं दिसतात. कधी निळे ठिपके कॅन्सरच्या बेटांत आतपर्यंत घुसलेले असतात. कधी ठिपक्यांचा पत्ताच नसतो, ओसाड माळ. आणि कधी ते असतात, भरपूर असतात, पण सगळे बेटाबाहेर, गुलाबी पट्ट्यांत अडकलेले. या तिसऱ्या रूपावर मी थोडी जास्त थांबते, कारण फुफ्फुसात ते वारंवार दिसतं आणि समजायला सगळ्यात अवघड आहे. पोचले आहेत, मग आत का जात नाहीत?

पॅरिसच्या एका गटाने २०१२ मध्ये याचं उत्तर डोळ्यांनी बघायचं ठरवलं. ऑपरेशनमधून आलेल्या ताज्या फुफ्फुसाच्या गाठीचे जिवंत काप घेतले, त्यात चमकणाऱ्या टी-पेशी सोडल्या आणि मायक्रोस्कोपखाली त्यांची हालचाल चित्रित केली. कोलॅजेन विरळ होतं तिथे टी-पेशी झपाझप चालत होत्या. दाट होतं तिथे रेंगाळत होत्या. मुख्य म्हणजे बेटांभोवती कोलॅजेनचे धागे रिळावर दोरा गुंडाळावा तसे गोल गेलेले होते. टी-पेशी धागा धरून चालते. धागा गोल गेला की ती गोलच फिरते, प्रदक्षिणा घातल्यासारखी, गाभाऱ्यात काही जात नाही. संशोधकांनी कोलॅजेन विरघळवणारं एन्झाइम घातल्यावर जास्त टी-पेशी कॅन्सरपर्यंत पोचल्या.

हे धागे विणणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. एरवी बिचाऱ्या कामाच्या. कापलं, भाजलं की जखम सांधणाऱ्या. गाठीला त्या जखमच समजतात, पण ही जखम कधी भरत नाही, त्यामुळे त्यांचं सांधणंही थांबत नाही. त्यांना टीजीएफ-बीटा नावाचा निरोप मिळत राहतो, त्या स्वतःही तो सोडतात, आणि तोच निरोप टी-पेशींना मंद करतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या फुफ्फुसाच्या गाठींत काही विशिष्ट फायब्रोब्लास्ट कॅन्सरच्या बेटांना अगदी लगटून कडं करतात आणि असं कडं असतं तिथे टी-पेशी बाहेर राहतात. म्हणजे नुसते किती फायब्रोब्लास्ट आहेत ते मोजून भागत नाही, कुठले आणि कुठे उभे आहेत ते बघावं लागतं.

मग टीजीएफ-बीटाच अडवला तर? अगदी हाच विचार करून एक दुधारी औषध बनवलं गेलं, बिंट्राफस्प अल्फा. एका टोकाने पीडी-एल१ अडवायचं, दुसऱ्याने टीजीएफ-बीटा शोषून घ्यायचा. सुरुवातीचे आकडे इतके छान होते की आम्ही सगळे भारावलो होतो. मग फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्याला पेम्ब्रोलिझुमॅबसमोर उभं केलं आणि २०२१ च्या जानेवारीत ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, सरस ठरण्याची शक्यता दिसेना म्हणून. कागदावर कडं तोडणं सोपं असतं. शरीरात तोच टीजीएफ-बीटा दहा ठिकाणी दहा कामं करत असतो.

दुसरे शेजारी मॅक्रोफेज. फुफ्फुसाच्या बाबतीत सगळ्यात जास्त बोलण्यासारखं यांच्याबद्दलच आहे.

हवेच्या पिशव्यांतले मॅक्रोफेज रक्तातून रोज नवे येत नाहीत. आपण आईच्या पोटात असताना त्यांचे पूर्वज फुफ्फुसाकडे निघालेले असतात, जन्मानंतर लगेचच ते जागेवर बसतात आणि पुढे स्वतःच स्वतःची संख्या राखतात. त्यांचं काम बघा. दिवसाला हजारो लिटर हवा आत येते, त्यात धूळ, परागकण, चुलीचा धूर, डिझेलची काजळी, जंतू. प्रत्येक कणावर रोगप्रतिकारशक्ती चवताळून उठली तर रक्त आणि हवा यांच्यामधला तो तलम पडदा फाटून जाईल, माणूस गुदमरेल. म्हणून हे मॅक्रोफेज गपचूप कचरा गिळतात आणि इतरांना गप्प बसवतात. शांतता राखणं हाच त्यांचा स्वभाव. कॅन्सरची पहिली चार घरं त्यांच्या गल्लीत उभी राहतात, तेव्हाही ते स्वभावाप्रमाणेच वागतात. माउंट सायनायच्याच गटाने २०२१ मध्ये हे दाखवलं. गाठ अगदी लहान असताना हे जुने रहिवासी कॅन्सरपेशींना चिकटून बसतात, त्यांना हातपाय पसरायला मदत करतात आणि टी-रेग नावाच्या, इतर टी-पेशींना आवरणाऱ्या पेशींना बळ देतात. उंदरांमधून त्यांना आधीच काढून टाकलं तर टी-रेग कमी झाल्या आणि मारक टी-पेशी वाढल्या. गाठ मोठी झाली की हे जुने लोक काठावर सरकतात आणि रक्तातून आलेले नवे मॅक्रोफेज मध्यभाग व्यापतात. त्यातल्या बऱ्याच जणांना गाठ आपलंसं करून घेते.

‘वडिलांनी कधी सिगारेट ओढली नाही, मग हे कसं?’ हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्यासारखे बरेच जण विचारतात, आणि त्याचा धागा याच मॅक्रोफेजपाशी येतो. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की कॅन्सर नसलेल्या फुफ्फुसाच्या १८ टक्के नमुन्यांतसुद्धा ईजीएफआर बदल असलेल्या पेशी असतात. नुसत्या पडून असतात, वर्षानुवर्षं. पीएम २.५ म्हणजे हवेतले बारीक कण आत गेले की मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात आणि त्या निरोपाने या झोपलेल्या पेशी जाग्या होतात. उंदरांत तो निरोप अडवला तर गाठी कमी झाल्या. माणसातही याची चाहूल आधी लागली होती. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजार लोकांवर कॅनाकिनुमॅब या इंटरल्युकिन-१ बीटा अडवणाऱ्या औषधाची चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आले, आणि सगळ्यात मोठ्या डोसच्या गटात फुफ्फुसाचा कॅन्सर सुमारे दोन तृतीयांशाने कमी आढळला. हृदयाच्या चाचणीत, ध्यानीमनी नसताना! मग अर्थातच कॅन्सर झालेल्यांना ते देऊन पाहिलं. २०२१-२२ मध्ये एकामागून एक चाचण्या फसल्या. माझं मत विचाराल तर बी रुजताना पाणी तोडणं वेगळं आणि वडाच्या पारंब्या जमिनीत गेल्यावर पाणी तोडणं वेगळं.

बाकी शेजाऱ्यांबद्दल भरभर सांगते. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार; ते जास्त असलेल्या गाठींत टी-पेशी बहुधा कमी असतात. उंदरांमध्ये तर फुफ्फुसातली गाठ थेट हाडांना निरोप धाडून आपल्या सोयीचे न्यूट्रोफिल मागवते, असं २०१७ मध्ये दिसलं. तुमच्या वडिलांच्या रक्ताच्या साध्या तपासणीत (सीबीसीत) न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं प्रमाण डॉक्टर बघतात त्यामागे हेही एक कारण आहे, पण त्या एका आकड्यावर रात्र जागू नका, साधा छातीचा संसर्गही तो बदलतो. रक्तवाहिन्यांचं म्हणाल तर गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या आणि वाकड्यातिकड्या असतात. त्या घडवणारं व्हीईजीएफ हे रसायन टी-पेशींना आत उतरण्याचे जिने काढून घेतं.

सगळे शेजारी वाईट नसतात, हे मात्र सांगितलंच पाहिजे. काही गाठींच्या कडेला मला लिम्फनोडची छोटी नक्कल दिसते. मध्ये बी-पेशींचा (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) गोल, भोवती टी-पेशी, जणू गाठीच्या दारातच भरलेली तालीम. पॅरिसमध्येच २००८ मध्ये फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या स्टेजच्या गाठींत यांचं नीट वर्णन झालं आणि त्या असलेले लोक जास्त जगतात असं दिसलं. ऑपरेशनआधी निव्होलुमॅब (पेम्ब्रोलिझुमॅबसारखंच पीडी-१ अडवणारं औषध) आणि केमो दिलेल्यांची फुफ्फुसं आता आमच्याकडे येतात. चेकमेट-८१६ या २०२२ च्या चाचणीत त्यातल्या २४ टक्क्यांच्या तुकड्यात एकही जिवंत कॅन्सरपेशी उरली नव्हती. नुसत्या केमोत हे प्रमाण २.२ टक्के. अशी पहिली स्लाइड मी पाहिली तेव्हा एक्स-रेमध्ये चार सेंटीमीटरची गाठ दिसत होती तिथे फेसाळ मॅक्रोफेज, मेलेल्या पेशींचं कोलेस्टेरॉल आणि लिम्फोसाइटच्या त्या गोल तालमी, बस्स. कॅन्सर शोधायला मी अख्खी दुपार घालवली, आणखी सात ब्लॉक कापून घेतले. नव्हताच.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू.

जनुकीय रिपोर्ट पूर्ण आहे ना, हे आधी विचारा. आपल्याकडे ॲडेनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या हिश्श्यात ईजीएफआर बदल सापडतो, पाश्चात्त्य देशांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. अशा गाठींचा शेजार बहुधा ओसाड असतो आणि पीडी-एल१ कितीही आला तरी एकटी इम्युनोथेरपी क्वचितच चालते. पेम्ब्रोलिझुमॅबच्या त्या मूळ चाचणीत ईजीएफआर आणि एएलके या जनुकांत बदल असलेले लोक घेतलेच नव्हते. शिवाय इम्युनोथेरपीच्या पाठोपाठ ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआर बदलावरची गोळी दिली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, तेव्हा बदल आता सापडला तर गोळी सुरू करण्याआधी किती थांबायचं यावर ऑन्कॉलॉजिस्टशी मोकळं बोला. एसटीके११ या जनुकाचं नावही रिपोर्टमध्ये शोधा. ते बिघडलेलं असेल तर गाठीत टी-पेशी सहसा फिरकत नाहीत.

दुसरं, वाढ खरी वाढच आहे ना? औषधाने टी-पेशी गाठीत घुसून ती फुगलेली दिसते असं क्वचित होतं. फुफ्फुसात फारच क्वचित, तेव्हा त्या आशेवर महिने घालवू नका. पण आपल्याकडे आणखी एक शक्यता असते, टीबीची. टीबीचे जंतूही मॅक्रोफेजच्याच पोटात दबून राहतात, आणि हा ब्रेक सोडल्यावर जुना टीबी उफाळल्याची उदाहरणं आहेत. ‘गाठ वाढली’ म्हणून आलेल्या दुसऱ्या बायोप्सीत मला ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके, सापडलेले आहेत.

तिसरं, स्टेरॉइड. धाप लागते म्हणून कोणी प्रेडनिसोलोन लिहून दिलं आहे का? रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त चालू असताना इम्युनोथेरपी सुरू केलेल्यांचे निकाल कमी चांगले दिसले आहेत. यात मुळात जास्त आजारी लोकांना स्टेरॉइड मिळतं हा घोळ आहेच. स्वतःहून मात्र बंद करू नका, नुसतं डॉक्टरांना सांगा.

पुढचा उपाय बहुतेक वेळा केमोची जोड हा असतो. केमो कॅन्सरपेशी मारता मारता शेजारही थोडा ढवळते. व्हीईजीएफ अडवून ते जिने परत बांधण्याचा प्रयत्नही आता जोरात आहे. पीडी-१ आणि व्हीईजीएफ दोन्ही एकदम अडवणारं आयव्होनेसिमॅब चीनमधल्या चाचणीत २०२४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा गाठ जास्त काळ रोखून धरताना दिसलं, सुमारे अकरा महिने विरुद्ध सहा. बिंट्राफस्पने तोंड पोळल्यामुळे मी ते फुंकून पिते आहे.

आणि ‘गाठीचं वातावरण सुधारणारी’ म्हणून जी काढ्यांची पाकिटं आणि ‘इम्युनिटी’च्या बाटल्या तुमच्या घरापर्यंत येतील, त्या दारातूनच परत पाठवा. तुम्ही एवढं वाचलंत, तर विकणाऱ्याला एकच विचारा, बावन्नपैकी नक्की कुठली पेशी?

दुसरी बायोप्सी झाली तर पहिल्या वेळचा मेणाचा ब्लॉकही त्याच लॅबला द्या, म्हणजे दोन्ही काप शेजारी ठेवून टी-पेशी तेव्हा कुठे होत्या आणि आता कुठे आहेत ते बघता येईल. ब्लॉक तुमच्या वडिलांचा आहे, लेखी अर्ज करून मिळतो. फ्रिजची गरज नाही, फक्त उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट आत आहेत की नुसते काठावर, एवढी एक ओळ लिहायला पॅथॉलॉजिस्टला सांगा. आम्हाला ते दिसत असतं, कोणी विचारत नाही म्हणून लिहिलं जात नाही.